ओट्याची उंची

४ जून २०२५, बेलापूर

ही वही खरं तर माझ्या बायकोच्या, सुकन्याच्या कुशीची. नगरच्या दवाखान्यातून सोडताना सिस्टरनी सांगितलं होतं, दर दोन तासांनी कूस बदलायची आणि वेळ लिहून ठेवायची. कमरेखाली तिला काही कळत नाही, कातडी लाल झाली तरी ती सांगू शकणार नाही. चार महिने मी न चुकता वेळा लिहिल्या. आता ती हातांच्या जोरावर स्वतःच वळते, म्हणून मागची पानं कोरी राहिली आहेत. जे कुणाशी बोलता येत नाही ते इथं लिहायचं ठरवलं आहे.

आज स्वयंपाकघरातली कपाटं उतरवायला सुरुवात केली. बन्सी मिस्त्रींनीच ती चार वर्षांपूर्वी बसवली होती, ओट्याखालची आणि वरची, पार स्लॅबला टेकलेली. त्यांनी एक शटर उघडून बिजागरी हलवून पाहिली.

"कल्याणशेठ, माल चांगला हाय. खालचं ऱ्हाऊ द्या की. वरच्याला बी आता कोन हात लावतंय?"

मी म्हणालो, सगळं काढा. एकही फळी राहता कामा नये.

मिस्त्री वरून उतरवायला लागले. मी दुकानात निघून गेलो आणि दिवसभर एकाच पंपाच्या मोटारीचं वाइंडिंग दोनदा चुकवलं.

८ जून

सुकन्याला खुर्चीत बसवून मापं घेतली. गुडघा जमिनीपासून पंचवीस इंच. कोपर सत्तावीस. हात पूर्ण वर केला की बोटं चौपन्नपर्यंत. ती शाळेतल्या मुलीसारखी हात वर धरून बसली होती. म्हणाली, "अजून ताणू का?"

जुना ओटा चौतीस इंचांवर आहे. तो एकोणतीसवर आणायचा. ओट्याखाली एकही कपाट नको, खुर्ची गुडघ्यांसकट आत गेली पाहिजे. रोज लागणारं सगळं जमिनीपासून पंधरा ते अठ्ठेचाळीस इंचांत. त्याच्या वर काहीही नाही, भिंत कोरी.

मी आकडे लिहीत होतो तेव्हा तिनं विचारलं, "पुढच्या दाराच्या पायऱ्यांचं माप घेतलं का?"

तीन पायऱ्या आहेत. मी म्हणालो, ते नंतर बघू, आता कुठं जायचंय बाहेर?

तिनं खुर्ची वळवली. दमली असावी. इतका वेळ बसायची सवय नाही.

१५ जून

दगडाबाई आल्या होत्या. सुकन्या ज्या अंगणवाडीची सेविका आहे तिथल्या त्या मदतनीस. सुकन्या पडल्यापासून अंगणवाडी त्या एकट्याच ओढतात. पोरांची वजनं कागदावर लिहून आणतात आणि सुकन्या पलंगावर बसून मोबाईलमध्ये भरते. दोघींचं हसणं बाहेरपर्यंत येत होतं. कुठल्या तरी पोरानं खिचडीतले सगळे वाटाणे वेचून खिशात भरले होते, त्यावरून.

त्या गेल्यावर सुकन्याचा चेहरा लाल झाला होता. एवढी दगदग तिला झेपणार नाही. मी फाटकापाशी जाऊन दगडाबाईंना सांगितलं, महिन्यातून एकदाच येत जा.

त्या म्हणाल्या, "ताईनंच बोलावलं हुतं."

तरी सांगितलंच.

संध्याकाळी पिठलं-भाकरी केली. सुकन्या बरी होऊन ओट्यापाशी येईपर्यंत वेळ मारून न्यायची एवढंच. दिशानं पिठलं दोनदा मागून घेतलं. पोरीला भूक लागली असेल, शाळा आजच सुरू झाल्यासारखी दप्तर भरून दिवसभर नाचत होती.

२२ जून

बन्सी मिस्त्रींना घेऊन श्रीरामपूरला गेलो. दुकानात चकचकीत किचन मांडून ठेवलेली. विकणारा पोरगेलासा माणूस गुळगुळीत पांढरी शटरं उघडून दाखवत होता. मिस्त्री त्याला बोलू देईनात.

"शटर उघडायचं म्हंजी खुर्ची आधी मागं घ्यावी लागती. मंग पुढं. मंग वाकून आत हात घालायचा, मागचा डबा तर गावायचाच न्हाई. खन करा खन. वढला की समदं म्होरं येतं."

म्हणजे ट्रॉल्या. पटलं. कोपऱ्यातलं खोल कपाट रद्द, तिथं गेलेली वस्तू परत सापडत नाही हे चार वर्षांत पाहिलंच आहे. ताटं-वाट्या उघड्या मांडणीत. डाळी-तांदूळ काचेच्या नको, हलक्या पारदर्शक बरण्यांत, न उघडता दिसलं पाहिजे. पिठाचा मोठा डबा जमिनीवर चाकांच्या पाटावर. खणांना गोल मुठी न लावता आडव्या लांब पट्ट्या लावायच्या, चार बोटं सहज अडकतात.

घरी येऊन दिशाला चित्र दाखवलं. ती आठवीत आहे, चित्रकला चांगली. तिनं पेन्सिलीनं एक खूण केली. म्हणाली, "मिसळणाचा डबा गॅसच्या डावीकडं ठेवा पप्पा. तुम्ही डाव्या हातानं मीठ घालता."

मी तिला समजावलं की हे मम्मीसाठी चाललंय, मम्मी उजव्या हाताची आहे. तिनं खूण खोडली.

२९ जून

सुकन्या दोन दिवस नीट जेवत नाही. विचारलं तर म्हणते, घरभर भुसा उडतोय त्यानं. पलंग पुढच्या खोलीत, खिडकीपाशी हलवायला सांगितलं. तिथून रस्ता दिसतो, सकाळी पोरं जाताना हाका मारतात. मी म्हणालो, गोंगाट होईल. पण हट्टच धरला म्हणून हलवला.

५ जुलै

आज लिहितोच.

वरची कपाटं मला हवी होती. घर बांधलं तेव्हा शिर्डीला एका मित्राचा फ्लॅट पाहिला होता, त्याच्याकडं भिंत दिसतच नव्हती, खालपासून वरपर्यंत कपाटं. सुकन्या म्हणाली होती, हात पोचेल एवढंच करा, वर जे ठेवू ते कुणीतरी काढावं लागतं. मी म्हणालो, जागा वाया जाते. तिचा हात कुठपर्यंत पोचतो हे तेव्हा मोजलं नव्हतं. आता मोजलं.

गेल्या दिवाळीच्या चार दिवस आधी मी दुकानातून फोन केला की यंदा चकल्या घरीच कर, विकतच्या नकोत. सोऱ्या सगळ्यात वरच्या कपाटात होता. मी संध्याकाळी येऊन काढून देतो असं म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. ती प्लास्टिकच्या स्टुलावर चढली. दिशा शाळेतून आली तेव्हा ती फरशीवर होती आणि सोऱ्या हातात होता.

तिनं सगळ्यांना सांगितलं, मीच चढले, माझीच हौस. सासूबाई मिरजगावहून धावत आल्या त्यांनाही तेच सांगितलं. मी जवळ उभा होतो. मी मान हलवली.

आठ महिने झाले. अजून मानच हलवतोय.

ओटा झाला की ती पुन्हा तिथं असेल. मग कदाचित मला श्वास घेता येईल.

१९ जुलै

झालं. मिस्त्रींनी आज शेवटची पट्टी लावली. मी तिला ढकलत आत नेलं. खुर्ची ओट्याखाली बरोबर गेली, गुडघ्यांना दोन इंच जागा शिल्लक. नळ बाजूला घेतलाय, हात पोचतो. तिनं एकेक खण ओढून पाहिला आणि लावला. सगळे. मग हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "छान झालंय. खूप बारकाईनं केलंय तुम्ही."

मी म्हणालो, चहा कर.

तिनं चहा केला. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो.

बाहेर आलो तर ती पुढच्या खोलीतल्या खिडकीपाशी गेली होती. तिचा कप ओट्यावर तसाच भरलेला.

२८ जुलै

रोज ती एक काहीतरी करते. बाकी स्वयंपाक मीच उरकतो. पाठ भयंकर दुखते, भाकऱ्या थापून झाल्या की सरळ होता येत नाही. मोटारी उचलून उचलून असेल. पावसाळ्यात तर मोटारी कमी जळतात, कामही तेवढं नाही. बाम लावला.

२ ऑगस्ट

काल तालुक्याच्या ऑफिसातून पत्र आलं. सुकन्याची आजारपणाची रजा १५ ऑक्टोबरला संपते. हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या, दुसरी बाई नेमू.

मी म्हणालो, देऊन टाक राजीनामा. घर आहे, सगळं तुझ्या हाताशी केलंय, कसली काळजी नाही.

ती म्हणाली, "सोळा वर्षं झाली मला तिथं."

मी म्हणालो, म्हणूनच, पुष्कळ केलंस.

तिनं पत्राची घडी केली आणि उशीखाली ठेवली. रात्री जेवली नाही. सकाळीही नाही. आज दुपारी विचारलं तर म्हणाली, "मला काहीच नको वाटतं." मी तिच्या आवडीचं शेंगोळं केलं. तेही तसंच.

मला कळत नाही अजून काय करायला हवं. ओटा एखादा इंच उंच झालाय का?

११ ऑगस्ट, नगर

दवाखान्याच्या जिन्यात बसून लिहितोय.

काल संध्याकाळी दुकानातून आलो तर ताटं वाढलेली. तिघांची. आमटी, भात, कोशिंबीर, पोळ्या. सगळं तिनं एकटीनं केलेलं. ती टेबलाशी बसली होती, केस विंचरलेले, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुंकू नीट. मी इतका खूष झालो की आधी फोटो काढला. जेवताना तिच्या कपाळावर घाम होता, मला वाटलं श्रमानं. मी दोनदा आमटी घेतली.

जेवण झाल्यावर दिशा तिला पलंगावर घ्यायला मदत करत होती. दिशानं मला हाक मारली. तिचा आवाज ऐकूनच मी ताट टाकून धावलो. मॅक्सी डाव्या मांडीला चिकटली होती. ओढली तर कातडी बरोबर आली.

आमटीचं पातेलं. गॅसवरून टेबलापर्यंत न्यायचं, तर खुर्चीची चाकं फिरवायला दोन्ही हात लागतात. तिनं फडकं घडी करून मांडीवर ठेवलं, त्यावर उकळतं पातेलं, आणि चाकं फिरवत आणलं. दोनदा, कारण एकदा विसरलेलं मीठ घालायला परत नेलं. तिला काही कळलंच नाही.

मी गुडघा मोजला, कोपर मोजलं, बोटं मोजली. नळ किती इंच सरकवायचा ते मोजलं. भांडं उचलून न्यायचं कसं हा विचार दोन महिन्यांत माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. रोज मी तिच्यासमोर त्याच ओट्यावरून त्याच टेबलावर भांडी नेतो. पायांनी.

डॉक्टर म्हणाले, खोल भाजलंय. अशा पेशंटची जखम लवकर भरत नाही.

१६ ऑगस्ट

ताप. एकशे तीन. जखमेत पू झालाय. दिशाला शेजारी ठेवलंय.

२१ ऑगस्ट

ताप उतरत नाही. दोनदा औषध बदललं. आज मोठे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, विष रक्तात गेलंय, अठ्ठेचाळीस तास कठीण आहेत, मन घट्ट करा. मला त्यांच्या शर्टाच्या खिशातलं पेनच दिसत होतं.

सासूबाई मिरजगावहून आल्या. कडूबाई त्यांचं नाव, सत्तरीच्या आहेत, गुडघे गेलेत, तरी दोन एस्ट्या बदलून एकट्या आल्या. बाहेरच्या बाकावर आम्ही शेजारी बसलो. मग मी सांगितलं. कपाटांचं सांगितलं, फोनचं, चकल्यांचं, सोऱ्याचं. मान हलवल्याचंही सांगितलं.

त्या समोरच्या भिंतीकडं बघत होत्या.

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "तिनं मला तवाच सांगितलं हुतं. शपथ घातली, त्यास्नी बोलायचं न्हाई म्हणून."

मी म्हणालो, मामी, मला माफ करा.

"मी न्हाई करायची. माझी लेक हाय ती." मग त्यांनी पिशवीतून डबा काढला. "पाव्हणं, तुमी कवा बोलताय त्येच बघत हुते. धा म्हैने लागले तुमाला. आता खावा दोन घास. कालपास्नं काय खाल्लं न्हाई म्हनली दिशा फोनवर."

मी खाल्लं. त्या बाजूला बसून राहिल्या.

२३ ऑगस्ट

सकाळी ताप एकशे एक.

२४ ऑगस्ट

शंभर. तिनं पाणी मागितलं.

३० ऑगस्ट

काल दुसऱ्या मांडीची कातडी काढून जखमेवर बसवली. ती शुद्धीत आहे, बोलते. मी विचारलं, का गं ठेवलंस मांडीवर? दिशाला हाक मारायची, माझी वाट बघायची.

तिनं छताकडं बघतच सांगितलं.

"तुम्ही रोज घरात आलात की आधी ओट्याकडं बघता. मग माझ्याकडं. तुमचं तोंड कसं होतं ते तुम्हाला दिसत नाही. मला वाटलं, एकदा सगळा स्वयंपाक करून दाखवावा, म्हणजे सुटाल तुम्ही."

मी तिचा हात धरला होता. तो मला सोडवेना आणि धरवेनाही.

मी म्हणालो, कपाटं मीच लावायला सांगितली होती. फोन मीच केला होता.

"हो. तुम्हीच," ती म्हणाली. "मी नाही म्हणाले का कधी? मला राग नव्हता असं नाही. खूप होता. पण तो आता जुना झाला. तुमचं हे नवीन चाललंय त्याचं काय करू मी?"

सिस्टर ड्रेसिंगला आल्या. मला बाहेर जावं लागलं.

१४ सप्टेंबर, बेलापूर

घरी आणलं. पायऱ्यांवरून खुर्ची चढवायला मी, शेजारचे सूर्यभानकाका आणि टेम्पोवाला असे तिघं लागलो. ती डोळे मिटून बसली होती. तिला उचललं की तिचा चेहरा असा होतो हे मी आज पाहिलं. दरवेळी होत असणार.

चहा झाल्यावर तिनं मला समोर बसवलं. दिशाही होती.

"मला चार गोष्टी बोलायच्यात. मधे बोलू नका.

"तुम्हाला मी ओट्यापाशी उभी पाहिजे. पहिल्यासारखी. मी उभी राहणार नाही. कितीबी खाली आणला ओटा तरी.

"मला स्वयंपाकाची कधीच एवढी हौस नव्हती. करायचा म्हणून करत होते, सकाळी घाईत, अंगणवाडी गाठायची म्हणून. तुम्ही मात्र मन लावून करता. दिशा तुमच्या हातचं पोटभर खाते. माझ्या हातचं कधी खात नव्हती.

"मला पंधरा ऑक्टोबरला हजर व्हायचंय. दगडाबाईंनी सांगितलंय, अंगणवाडीच्या दाराला उतार करून देणारेत, सरपंचांशी बोलून आल्यात त्या. तिथं मी सगळं बसूनच करत होते. पोरांपुढं सतरंजीवर. इथं घराच्या तीन पायऱ्या आहेत तेवढ्याच राहिल्यात.

"मी जूनमध्ये सांगितलं होतं."

मी वही काढून पाहिली. ८ जून. लिहिलंय. दमली असावी, असंही लिहिलंय.

१५ सप्टेंबर

वही पहिल्यापासून वाचली. दुकान उघडलं नाही.

१७ सप्टेंबर

गवंडी लावला. उतार लांब घ्यावा लागतो, नाहीतर खुर्ची चढवताना तिच्या हातांना झेपायचं नाही. एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरली. तुळस आणि मोटारसायकल दोन्ही हलवाव्या लागल्या. दोन दिवसांचं काम. दोन दिवसांचं. हे लिहून पुन्हा वाचलं.

२६ सप्टेंबर

तिनं एकटीनं उतार चढून-उतरून पाहिला. चार वेळा. शेवटी फाटकाबाहेर गेली, रस्त्याच्या वळणापर्यंत, आणि मी मागं जाऊ नये म्हणून हात मागं करून खूण केली. मी फाटकातच थांबलो. पंधरा मिनिटं ती दिसत नव्हती. मी ती पंधरा मिनिटं कशी काढली ते लिहीत नाही.

१५ ऑक्टोबर

ती हजर झाली. दोन तासच, डॉक्टरांनी तेवढंच सांगितलंय, मधे जखम बघायची. दगडाबाई फाटकापाशी न्यायला आल्या होत्या. माझ्याकडं बघितलंही नाही. त्यांचं बरोबर आहे. मी म्हणालो, जूनमध्ये चुकलं माझं. त्या म्हणाल्या, "बरं," आणि खुर्ची वळवली.

२७ ऑक्टोबर

पाठ धरली. सकाळी भाकरी थापता थापता तिथंच अडकलो, ओट्याला धरून. योगायोगानं बन्सी मिस्त्री दाराची कडी बसवायला आले होते. त्यांनी मला तसं वाकलेलं पाहिलं आणि खाली बसून हसायला लागले. मग हसू थांबवून जवळ आले.

"शेठ, किती दिसांपास्नं करताय तुमी भाकरी?"

गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून, मी म्हणालो. वर्ष झालं.

"आन् ह्या वट्यावर?"

जुलैपासून.

"मंग पाठ दुसरं काय करंल? पावनेसा फुटी मानूस एकोनतीस इंचावर वाकतोय. ज्याचं काम त्याच्या कोपराचं माप. यवढी साधी गोष्ट मी तरी कशी इचारली न्हाई तुमाला, सैपाक करतंय कोन म्हणून."

त्यांनी कानामागून पेन्सिल काढली आणि मला सरळ उभं राहायला सांगितलं. सुकन्या दारात खुर्चीवर होती, अंगणवाडीला निघालेली. ती थांबली. मिस्त्रींनी टेप माझ्या कोपराला लावला. एक्केचाळीस. मग हात वर करायला सांगितला.

"अजून ताणा," सुकन्या म्हणाली.

मी ताणला. मिस्त्रींनी आकडा लिहिला. मला एकदम भरून आलं आणि हात तसाच वर राहिला.

ठरलं ते असं. गॅसचा आणि भाकरीचा ओटा छत्तीसवर. खिडकीकडची चार फुटांची बाजू एकोणतीसवरच राहील, खाली मोकळी, तिला भाजी निवडावीशी वाटली किंवा चहा करावासा वाटला तर. भांडं उचलायला लागू नये म्हणून चहाची छोटी शेगडी तिथंच, कप तिथंच. ट्रॉल्या उंच ओट्याखाली. उकळतं काही असेल तर ते टेबलावर मी नेणार. दिशानं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय, मांडीवर काही ठेवायचं नाही.

वरच्या भिंतीवर मिस्त्रींनी एक फळी सुचवली, माझा हात पोचेल अशी. मी नको म्हणालो. सुकन्या म्हणाली, "लावा. तुमचा हात पोचतो ना तिथं?" लावायची ठरली. मला अजून त्या उंचीकडं बघवत नाही, पण लावायची.

१० नोव्हेंबर

सोमवार. आजपासून तिचा पूर्ण वेळ. जखम कोरडी आहे, पण डॉक्टर म्हणतात वर्षभर जपावं लागेल. पुन्हा कधीही उघडू शकते. हे आता असंच राहणार. सकाळी उठल्यावर पहिले काही क्षण मला अजून वाटतं की ती चालत येईल. मग ते जातं. रोज जातं.

दहाला दोघी गेल्या, दिशा शाळेत आणि ती अंगणवाडीत. मी वांगी चिरली. फोडणीला तेल तापलं आणि हिंग सापडेना. नव्या खणांत सगळं मीच लावलं होतं, दोन दिवस बसून, मापानं. पहिला खण ओढला, दुसरा ओढला. तेलातून धूर निघायला लागला. मी गॅस बंद केला आणि तिला फोन लावला.

मागं पोरांचा कालवा. कुणीतरी रडत होतं, कुणीतरी कविता म्हणत होतं.

मी म्हणालो, हिंग कुठंय गं?

"तुमच्या स्वयंपाकघरातलं मला काय माहीत?" ती म्हणाली. "ठेवा आता, पोरं सांडतायत." आणि फोन ठेवला.

तिसऱ्या खणात होता.